कंप्रेसरचे लाड

निडी गावच्या हैबतरावांचे दोन संसार आहेत, असं त्यांची बायको सरूच चारचौघांत सांगायची. एक घरचा, दुसरा रोह्याजवळच्या छोट्या बिअर कारखान्यातल्या कंप्रेसरचा. लाड अर्थात दुसऱ्याचे.

शहाण्णव साली ते नोकरीला लागले, तेव्हा बिअर बनवणाऱ्या प्रणितसाहेबांनी त्यांना टाकीच्या काचेतून आत बघायला लावलं. उकळून थंड केलेल्या सातूच्या रसात कंप्रेसरची हवा शिरत होती. मोहरीहून बारीक असे लाखो बुडबुडे वर चढत होते.

“आता यात यीस्ट सोडायचं. जिवंत असतं ते. कामाला लागण्याआधी त्याला श्वास लागतो. तो तुम्ही द्यायचा.”

साहेब निघून गेले, हैबतराव जागीच उभे. डोळ्यांना न दिसणारा जीव, त्याला न दिसणारी हवा, आणि ती देणार कोण, तर आठवी नापास आपण! त्या दिवसापासून ते कंप्रेसरच्या खोलीत चपला काढून जाऊ लागले. त्याला तेल पाजायचे तेही खुणेच्या दोन बोटं वर. घरच्याला काय मोजून वाढायचं?

पण गेल्या दोन टाक्यांची बिअर ग्लासात ओतली की फेस यायचा आणि लगेच बसायचा. साहेबांनी सातू बदलला, पाणी तपासलं आणि शेवटी ते ग्लास-बाटल्या धुणाऱ्या सीताबाईवर आले. काच तेलकट राहिली की फेस मरतो, म्हणाले. शनिवारपासून दुसरी बाई बघतो.

“सोड्यानं हात सोलवटले माजे,” सीताबाई हैबतरावांना म्हणाली. “भाऊ, तुमी तरी सांगा त्यांना.”

दुपारपाळीला निघण्याआधी जेवताना त्यांनी हे सरूला सांगितलं. सरू जोहे गावची, गणपती रंगवणाऱ्या घरातली. तिचा घास हातातच राहिला.

“तेल तुमच्या कंप्रेसरातनं येत नसंल कशावरनं?”

“आरशासारका ठेवलाय गो मी त्याला!”

“भायेरनं. आमचा बाबा मूर्तीवर रंग फवारायच्या आधी नुसती हवा कोऱ्या कागदावर मारायचा. तेल जास्त झालं की हवेसंगं येतं. एकदा सोंडंवर डाग पडले, सगळा रंग खरवडला.” मग हसून, “किती पाजता वो त्याला?”

हैबतराव ताटावरून उठले. भात तसाच राहिला.

कारखान्यात त्यांनी कॅलेंडरचं पान फाडून कोरी बाजू हवेच्या नळीसमोर धरली. पान कोरडं दिसलं. हुश्श करणार, तोच ते उजेडाकडे वळलं. भजी बांधलेल्या कागदासारखे पारदर्शक ठिपके!

पान खिशात कोंबता आलं असतं. गुपचूप तेल काढलं असतं, तर पुढची टाकी सुधारली असती आणि श्रेय नव्या बाईला मिळालं असतं. एवढा हिशेब त्यांना जमत होता. पण अंगणापलीकडे सीताबाई एकेक ग्लास उजेडात धरून पाहत होती.

“साहेब, सीताबाईचे हात साफ हायत. तेल माजं हाय.”

प्रणितसाहेबांनी पान उलटसुलट पाहिलं. “इतकं कशाला ओतत होता?”

“मायेनं.”

“माया चालू ठेवा. पण खुणेपर्यंत.”

जादा तेल काढलं. इतकी वर्षं ते तेल अडवून आता चिंब झालेला फिल्टर बदलला, नळ्या धुतल्या. सीताबाईचा शनिवार टळला.

पुढची टाकी तयार व्हायला महिना गेला. ग्लास सीताबाईनेच धुतला, साहेबांनी ओतला. फेस चढला आणि तसाच उभा राहिला, मिठाच्या राशीसारखा पांढरा. दारूला कधी न शिवलेल्या हैबतरावांनी ग्लासाला कान लावला. आत बारीक सळसळ चालली होती.

“काय म्हणतंय?” सीताबाईने विचारलं.

“आपलीच हवा हाय गो यात.”

“मंग चपला काढा.”

त्या त्यांनी दारातच काढल्या होत्या.