भिंतीवरचं शून्य

मलावीतल्या कांफिंगा गावच्या आरोग्य केंद्रामागं आंब्याखाली पाय ठेवायला जागा नव्हती. प्रेषित झाकेयू पांढरा कोट घालून खुर्चीवर उभा होता. हातात केंद्राच्या भिंतीवरच्या तक्त्याचा भलामोठा फोटो.

"मी नाही म्हणत, सरकारच म्हणतंय," तो गरजला. "चौदा महिने. तान्ह्या बाळांचे मृत्यू शून्य! माझं मंतरलेलं पाणी गावात आलं आणि मरणानं वाट सोडली."

बायकांनी असा काही जल्लोष केला की आंब्यावरचे कावळे उडाले. गडी मोठा बेरकी. एरवी केंद्राच्या नावानं बोटं मोडायचा, पण फायद्याचा कागद दिसल्याबरोबर केंद्र त्याचं सख्खं झालं.

तो तक्ता रंगवणारी एनेलेसी गर्दीच्या कडेला उभी होती. केंद्रातल्या सगळ्या नोंदी तिच्याकडे. त्याच शून्याबद्दल जिल्ह्यानं केंद्राला शाबासकीची पाटी दिली होती आणि तिनं ती रोज पुसून चकचकीत ठेवली होती. आज मात्र ती धाकट्या बहिणीला, फनेसीला, घरी न्यायला आली होती. फनेसीला आठवा महिना सरत आलेला, बाळ आडवं. बाळंतपण मोठ्या इस्पितळातच करायचं, असं नर्सनं बजावलं होतं. आणि ही बया पाण्याची बाटली छातीशी धरून बसलेली.

"मी इथंच बाळंत होणार," फनेसी म्हणाली. "ताई, ते शून्य तूच लिहिलंस ना? मग भितेस कशाला?"

एनेलेसी तशीच केंद्रात परतली. गरोदर बायकांची आणि लशीची, अशा दोन वह्या तिनं शेजारी शेजारी ठेवल्या. त्या चौदा महिन्यांत बाळंत व्हायच्या बायका शहाण्णव. दीड महिन्याच्या लशीला आलेली बाळं त्र्याऐंशी. मग तेरा बाळं गेली कुठं?

ती नाचिसाले गोगोकडे गेली. या आजीनं निम्म्या गावाची नाळ कापलेली. गोगो तिला ओढ्याकाठच्या वारुळापाशी घेऊन गेली. तिथं मातीचे हात-हातभर उंचवटे होते.

"नाव ठेवायच्या आधी गेलेलं मूल बायकाच पुरतात, पोरी. पुरुषानं यायचं नाही, मोठ्यानं रडायचं नाही, मागाहून त्याविषयी बोलायचं नाही. अकरा आहेत. सात त्या पाणीवाल्याकडे बाळंत झालेल्यांची."

उरलेली दोन बाळं आईबापांबरोबर परगावी गेली होती. हिशेब जुळला. त्या अकरातली बाकीची चार तर एनेलेसीच्याच केंद्रात गेली होती! पण मृत्यूच्या वहीत पहिला रकाना नावाचा. नाव नसलेली ओळ जिल्ह्याचा संगणक घेत नसे, म्हणून ती ओळ लिहायचंच तिनं सोडलं होतं. महिन्याच्या अहवालात मृत्यूंचा रकाना रिकामा असला की जिल्ह्याचे साहेब तो परत पाठवत, म्हणून महिन्याअखेरीस ती तिथं सुबक शून्य काढी. झाला चमत्कार.

तिनं अकराचा आकडा वर पाठवला. साहेबांचा फोन आला, पाटी मिळालेल्या केंद्राचे आकडे असे फिरत नसतात, चूक सुधारून पाठवा. मग ती तडक आंब्याखाली गेली आणि शून्य कसं तयार होतं, ते सगळ्यांसमोर सांगितलं. स्वतःची चूकही लपवली नाही.

झाकेयू शांतपणे हसला. "अकरा मेली म्हणतेस? नावं सांग त्यांची."

नावं नव्हतीच. पोटचं गमावलेल्या बाया समोरच बसल्या होत्या. एनेलेसी एकेकीकडे बघत गेली आणि एकेकीची मान खाली गेली. नाचिसाले गोगोनंही कमरेला गुंडाळलेल्या चितेंज्याचा पदर तोंडाला लावला. फनेसी जागची हलली नाही. एनेलेसीनं तिला हाताला धरून ओढलं, तेव्हा लोकांनी एनेलेसीलाच बाहेर काढलं.

तीन आठवड्यांनी ओढ्याकाठी बारावा उंचवटा झाला. फनेसी कशीबशी वाचली. उठून चालता आलं तशी भिंत धरत धरत केंद्रात आली.

"ताई, माझं तरी लिहिशील?"

एनेलेसीनं नावाच्या रकान्यात 'फनेसीचं बाळ' असं लिहिलं. संगणकानं ते घेतलं नाही. तिनं तक्त्यावरचं शून्य खरवडून तिथं बारा काढले. झाकेयूकडे मात्र जुनाच फोटो आहे आणि आंब्याखाली अजून गर्दी होते.

म्हणून कळवळून सांगतो, बाबांनो, पाण्यात काही नव्हतं. जादू होती ती रकान्यात, आणि तो आपणच भरतो. उद्या कुणी तुमच्यापुढं शून्य नाचवलं, तर हात जोडायच्या आधी एवढंच विचारा: कुणी मेलं नाही, की कुणी मोजलं नाही?