परातीतलं तांबडं पाणी

"लाल झालं! लाल झालं!" असं कुणी ओरडायचा अवकाश, वाशीच्या त्या चार मजली इमारतीच्या अंगणात बायकांनी इतक्या घाईने हात जोडले की कडेवरची पोरं खाली घसरली. तांब्याची परात, परातीत बाबांच्या कमंडलूतलं नितळ पाणी आणि पाण्यात रखमाचे दोन वाळके हात. तळव्यांना बाबांनी स्वतः लावलेला पिवळाधमक भंडारा. हात बुडाले आणि पाणी रक्तासारखं तांबडं झालं!

"छातीतलं नासकं रक्त बोटांतून निथळतंय, बघून घ्या," तांबडे बाबा डोळे मिटून म्हणाले. "क्षयाचा बाप आला तरी या परातीतून सुटायचा नाही. मात्र त्या सुया बंद! लोखंड अंगात गेलं की माझा मंत्र परत फिरतो."

मंत्राची प्रकृती एकूण फार नाजूक होती. त्याला इंजेक्शन सोसत नव्हतं, गोळी सोसत नव्हती, प्रश्न तर मुळीच सोसत नव्हता. कोंबडी मात्र छान पचत होती.

वेणूबाई मागच्या ओळीत उभ्या होत्या. तुळशीला पाणी आणि पोथीचा अध्याय झाल्याशिवाय त्या चहाही घेत नसत. देवाशी त्यांचं रोजचं बोलणं होतं. म्हणूनच देवाच्या नावावर कुणी दुकान थाटलं की त्यांना घरच्या माणसाची बदनामी झाल्यासारखं व्हायचं. पण तोंड उघडावं तर कसं? रखमा सुधारत होती, हे तर डोळ्यांना दिसत होतं.

बाबा येण्याआधीची रखमा त्यांना आठवत होती. तिला टीबी झाल्याचं कळलं आणि साऱ्या बिऱ्हाडांना एकाएकी स्वच्छतेचं वेड लागलं. ती जिन्यात दिसली की दारं लागायची. सासूने, चांगुणाबाईने, तिचं ताट-भांडं वेगळं करून गॅलरीत ठेवलं. नवरा दत्तू कारखान्यात पाळीला जायचा. इंजेक्शनसाठी ती उन्हातान्हात एकटी दवाखान्यात जायची आणि आल्यावर भिंतीकडे तोंड करून पडायची. जेवण तसंच वाळून जायचं.

मग बाबा अवतरले. त्यांनी अट घातली, की रोज संध्याकाळी सगळ्या बायकांनी रखमाभोवती बसून आरती म्हणायची आणि आपापल्या घरचा एकेक घास तिला भरवायचा. परात राखण करत असल्यामुळे रोग कुणाला शिवणार नव्हता. ज्या बायका तिला कप द्यायला तयार नव्हत्या, त्या आता हाताने घास भरवू लागल्या! रखमा जेवू लागली, वेणी घालू लागली, शेजारच्या बायजाबाईच्या चावट गोष्टींना हसू लागली. पुढे परातीतलं पाणी रोज थोडं फिकं पडत गेलं आणि बाबांची दाढी रोज थोडी वर होत गेली.

चैत्रातली चतुर्थी होती. सकाळी वेणूबाई खालच्या नळावर गेल्या, तर रखमा पदराचं टोक घाईघाईने धूत होती. पदराला रक्त लागलं होतं.

"खोकल्यातून पडलं?"

"कुनाला सांगू नका, वैनी."

"अगं, रोग उतरला म्हणतात ना?"

"आज उतरनार हाय. आज पानी लाल होनार नाय, बाबा बोललेत."

"पाण्याचं मन बाबांना सकाळीच कळतं होय?" वेणूबाई हळूच म्हणाल्या आणि हंडा भरायचा विसरून उभ्या राहिल्या.

दुपारी त्यांच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. कैरीची डाळ, पन्हं झालं आणि बायका हातांना हळद लागलेली तशीच घेऊन खाली परातीपाशी आल्या. बाबांनी आज रखमाच्या तळव्यांना नुसतं पांढरं भस्म लावलं. "भंडाऱ्याचं काम झालं," ते म्हणाले. रखमाला आधार म्हणून वेणूबाईंनी तिचे हात खालून धरले आणि पाण्यात नेले.

वेणूबाईंच्या बोटांभोवती पाणी लालभडक झालं.

बाबांनी डोळे मिटायला अंमळ उशीरच केला. "दूर हो! तिचा क्षय तुझ्यात शिरला!"

"असं का?" वेणूबाई शांतपणे म्हणाल्या. "बायजाबाई, तुम्ही पण बुडवा बरं."

बायजाबाई इथल्याच खाडीकाठच्या गावातली. तिने बेधडक हात घातला आणि किंचाळली, "अगो बाय! मना पन टीबी?"

तिसरीचे हात लाल, चौथीचे लाल. मग बायजाबाईने आपल्या हळदीच्या पंजात बाबांचं मनगट पकडलं आणि तळवा चांगला चोळून परातीत दाबला. "बाबालाच धरला गो रोगान!"

अंगण खदखदून हसलं. वेणूबाईंनी बाबांच्या कमंडलूतल्या पाण्याचा थेंब जिभेच्या टोकाला लावला. जीभ चरचरली.

"चांगुणाबाई, तुमच्या पानाच्या डब्यात असतो ना, तो चुना आहे हा. पाण्यात कालवायचा, खाली बसू द्यायचा, वरची निवळी घ्यायची. दृष्ट काढायला हळद-चुन्याचं लाल पाणी आपण घरोघरी करतो. आपल्या ताटात झालं तर ती हळद, आणि यांच्या परातीत झालं की क्षय! रोज हळदीची चिमूट कमी केली की पाणी फिकं पडतं. आज रखमाच्या हातांना हळदच नव्हती."

"तुझ्या अश्रद्धेनं तीर्थ नासलं!" बाबा गरजले.

"सकाळपासून मी चतुर्थीची उपाशी आहे, बाबा. श्रद्धा कमी पडली असेल तर ती तुमची."

बाबांना एकाएकी पनवेलच्या भक्तांची आठवण झाली. परात तिथेच टाकून ते निघाले.

सगळ्या हसत होत्या. रखमा मात्र हुंदके देत होती.

"कशाला उघडं पाडलंत, वैनी? हळद लाल होते ते मना काय ठावं नव्हतं? पन त्या पान्यापायी तुमी सगल्या येत व्हत्या. आता कोन येनार?"

अंगणातलं हसू विझलं. आधी रोगाच्या भीतीने बघवत नव्हतं, आता शरमेने कुणाच्याने तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी वेणूबाई तिला घेऊन दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, थुंकी तपासायला घेतली आणि सुई बंद केल्याबद्दल दोघींना खडसावलं.

"पण ही सुधारली होती हो," वेणूबाई म्हणाल्या.

"सुधारली होतीच. माणसं जवळ बसली, चार घास पोटात गेले, जगावंसं वाटलं. अंगात ताकद येते ती अशीच. पण जंतूंना आरती ऐकू येत नाही, त्यांना औषधच लागतं. आणि एकटी पडली तर ही औषधाला यायची नाही. बसा की हिच्याजवळ! उघड्यावर, वाऱ्यात बसा, खोकताना हिने तोंडाला पदर लावायचा. एवढं पाळायला परात कशाला हवी?"

वेणूबाईंनी परत आल्यावर हे दारोदार जाऊन सांगितलं. काही दारं अर्धीच उघडली. पुढच्या इंजेक्शनच्या दिवशी रखमा एकटीच जिना उतरत होती, कुणाकडे न बघता. खाली आली, तर चपला घालून, छत्री उघडून चांगुणाबाई उभी.

"चल. मी येतंय," सासू म्हणाली. जरा थांबून पुटपुटली, "ताट आत आनलंय तुजं."

बायजाबाई फाटकापाशी कधीची ताटकळत होती. "बिगीबिगी चला गो, वाटंत एक गोष्ट सांगाची हाय. सासूनं कान झाकायचं!"

रखमाचं औषध पुढे पुष्कळ महिने चाललं आणि ते तिने पुरं केलं. संध्याकाळी अंगणात बायका बसत राहिल्या. आरती म्हणावीशी वाटली तर म्हणत, नाहीतर नुसत्या गप्पा मारत.

बायांनो, औषध दवाखान्यात मिळतं आणि सोबत शेजारी मिळते. आजारी माणसाला दोन्ही लागतात, आणि दोन्हींसाठी कुणा बाबाची परवानगी लागत नाही. आपलीच माया आपल्याला मंतरून परत देणारे पुष्कळ भेटतील. हात जोडण्याआधी त्यांना एवढंच विचारा, की पाण्यात काय आहे? देव कोपेल अशी भीती वाटली तरी विचारा. विचारल्यावर जो कोपतो, तो देव नसतो.