रडका लिंकन

डेलोरिसने औषधाच्या रिकाम्या डबीतून एक सेंट काढून टेबलावर ठेवला आणि ऑर्विल ट्रास्कने खिशातलं भिंग चाचपलं. बाईला नाण्यांच्या क्लबात येऊन धड सहा महिने झाले नव्हते! शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली बाई, हॅमची सँडविचेस बरी करते म्हणून सगळ्यांची लाडकी. तिला नाण्यातलं काय कळतं, कपाळ?

"बघ रे ऑर्विल," ती म्हणाली. "लाँड्रीत सुट्ट्या पैशांत आला. हा रडतोय का?"

रडतच होता. नाण्यावरच्या लिंकनच्या डोळ्याखालून गालावर एक बारीक रेघ उतरली होती.

आता टांकसाळीत ठशाला तडा गेला की धातू त्यात शिरतो आणि नाण्यावर रेघ उमटते. असे तडे पैशाला पासरी, कुत्रंही विचारत नाही. पण हा तडा नेमका डोळ्याखाली गेला, कुणीतरी त्याला 'रडका लिंकन' म्हटलं, आणि देशभरचे संग्राहक खुळे झाले. ऑर्विलकडे टांकसाळीची याहून दुर्मिळ चूक होती, तारखेशेजारची, अख्ख्या विस्कॉन्सिन राज्यात त्याच्या एकट्याकडे. ती दाखवली की लोक "वा वा" म्हणून कॉफी घ्यायला उठायचे. दुर्मिळपणा घाला चुलीत! लोकांना चेहरा लागतो, नाव लागतं, चार माणसांत सांगायला गोष्ट लागते.

म्हणून तोही रडक्याच्याच मागे लागला होता. दर आठवड्याला बँकेतून कागदात गुंडाळलेल्या सेंटच्या सुरळ्या आणायच्या आणि एकेक नाणं भिंगाखाली धरायचं. बायको म्हणायची, "माझ्याकडे कधी इतकं निरखून पाहिलं नाहीस मेल्या." इतक्या वर्षांत एक मिळाला नाही. आणि हिला लाँड्रीत!

त्याने भिंग लावलं. रेघ वर आलेली होती. वर आलेली असली तर टांकसाळीची, आत गेलेली असली तर कुणीतरी ओरखडलेली. क्लबातलं शेंबडं पोरही हे सांगेल. पण क्लब भरायचा त्या चर्चच्या तळघरात बाकीचे दुसऱ्या टोकाला कॉफीपाशी होते, आणि चुकांच्या बाबतीत ऑर्विलचा शब्द शेवटचा.

"खरचटलंय," तो म्हणाला. "किल्ल्यांबरोबर खिशात राहिलं असेल. एक सेंटाचं नाणं, एक सेंट किंमत."

"अगं बाई! आणि मी केवढी हुरळले!" ती मोकळेपणाने हसली. त्या हसण्यानेही तो जळला. नाणं तिथल्या तिथे मागावं असं त्याला फार वाटलं, पण चोराच्या मनात चांदणं. पुढच्या सभेला सहज विचारू, असं त्याने ठरवलं. महिनाभर त्याला अन्न गोड लागलं नाही.

पुढच्या सभेला डेलोरिसनेच त्याच्यापुढे एक डबी धरली. "तुझ्यासाठी."

आत टायला लावायची पिन होती. पिनेवर तो सेंट, डोळे दिपतील असा लखलखीत.

"सगळे सांगतात, तू वर्षानुवर्षं हा शोधतोयस. म्हटलं खरा नाही तर नाही, खोटा तरी मिरव. भाच्याकडून मागे पिन डाखवून घेतली. पितळ घासायच्या पावडरीने घासला, बोटं दुखली बाई, पण रेघ काही जाईना."

ऑर्विलने डबी टेबलावर ठेवून दिली. नाण्याची तपकिरी कांती म्हणजे त्याचा जीव. ती गेली, मागे डाख बसला, आता खुळासुद्धा विकत घेणार नाही. हे तिला कुणी सांगणार होतं?

क्लबाचा अध्यक्ष मर्ल याने डबी उचलून खिशातलं भिंग लावलं. बराच वेळ बघत राहिला.

"ऑर्विल, रेघ वर आलीय रे."

ऑर्विल डबीचं झाकण शोधू लागला.

"तू भिंगातून बघितलं होतंस ना?"

"बघितलं होतं."

"वर आलीय म्हणजे काय?" डेलोरिसने विचारलं.

"म्हणजे खरा होता," मर्ल म्हणाला. "तू घासेपर्यंत."

ऑर्विलला वाटलं, आता ही चार शिव्या घालेल. घालाव्यात. तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं, शाळेच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून उपाशी पोराकडे पाहावं तसं.

"अरे, मग मागायचं ना," ती म्हणाली. "तसंच दिलं असतं."