गीझरचं पाणी

डॉक्टरांनी रिपोर्ट आमच्यासमोर ठेवला, तेव्हा माझ्या बायकोला, जयमालाला, जाऊन दोन तास झाले होते. डोकं दुखतंय म्हणाली, त्याला आठवडाही झाला नव्हता.

“काका, पाण्यात एक बारीक अमीबा असतो,” डॉक्टर म्हणाले. “पाणी पिऊन काही होत नाही. नाकात गेलं तर तो वर मेंदूत चढतो. फार क्वचित होतं, पण झालं की माणूस सहसा वाचत नाही. काकू कुठे पोहायला गेल्या होत्या? तलाव, रिसॉर्ट?”

“नाही. तिला पोहता येत नव्हतं,” मी म्हणालो.

ते खरं होतं.

“मग कुठून आलं हे, बाबा?” क्षिप्राने विचारलं. आमची एकुलती एक मुलगी.

“काय माहीत.”

मला माहीत होतं. कारखान्यातून रिटायर झाल्यापासून मी दर गुरुवारी नेरूळच्या बागेत लोकांना जलनेती शिकवतो. मिठाचं पाणी एका नाकपुडीतून घालायचं, दुसरीतून काढायचं. लोक मला नेतीवाले काका म्हणतात. ते ऐकायला मला आवडायचं. जयमाला तयार नव्हती, तिच्या सर्दीसाठी मीच मागे लागलो. पहिल्या दिवशी तिने पातेलं गॅसवर ठेवलं. मी ते खाली उतरवलं.

“उकळून गार करत बसलीस तर दुपार होईल. गीझरचं कोमट घे. मीठ घातलं की झालं.”

क्षिप्रा कागदांवर सही करायला बाहेर गेली तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं, “मिठाने मरतो का तो?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “नाही. पाणी खळखळ उकळावं लागतं. एक मिनिट पुरे.”

तेराव्यानंतर करावे गावचा धर्मराज आला. माझा सगळ्यात जुना विद्यार्थी.

“विलासभाव, गुरवारी यायचा हाय. घरान बसून काय होनार? आमची सून प्रिया पन येनार. तिचा नाक सदा चोंदलेला.”

“तिला पाणी उकळून, गार करून घ्यायला सांग. तूही घे.”

“आता ह्या काय नवीन? तुमीच बोल्लेले, गीजरचा चालतं. मी रोज तोच घेतंय. बगा, नाक कसा, पाम बीच रोडसारखा मोकला!”

तो हसला. मग भिंतीवरच्या फोटोकडे लक्ष गेलं आणि ओशाळला. माझा हात धरून म्हणाला, “वैनींचा वाईट झाला. पन आपल्या हातान काय असतं?”

मी हात सोडवून घेतला नाही. चहा ठेवला, त्याने घेतला, तो गेला.

जयमालाचं नेतीपात्र अजून बेसिनपाशी आहे. उद्या गुरुवार. पाणी उकळा, एवढं मी धर्मराजला सांगितलं. का उकळायचं, ते त्याला सांगायचं राहिलं आहे. क्षिप्रालाही.