कार्ड मागेच राहिलं

राघवला सगळ्यांसमोर उभं करून विचारणं चाललं होतं, आणि उल्हास करंदीकर कोपऱ्यातल्या खुर्चीत घामाघूम झाला होता. गुडगावच्या त्या थंडगार ऑफिसात घाम येणारा तो एकटाच. टेस्टिंगमध्ये हजारो ग्राहकांच्या क्रमांकांतले शेवटचे दोन आकडे गळून पडले होते आणि सगळे राघवच्या प्रोग्रामवर खापर फोडत होते.

चूक कुणाची, हे उल्हासला एव्हाना कळून चुकलं होतं. फरीदाबादचा कारखाना बंद पडेपर्यंत तो तिथला स्टोअरकीपर. पन्नाशीत कॉम्प्युटरचा क्लास करून त्यानं ही कंत्राटी नोकरी धरली. घर अजून फरीदाबादलाच, रोज दोन बसेस बदलून यायचा. पोरांनी डेव्हलपमेंटच्या मशीनवर तयार केलेले प्रोग्राम, त्यांच्या भाषेत जॉब, टेस्टिंगच्या मशीनवर नेऊन ठेवायचे, हे त्याचं काम. पण कारखान्यात असताना स्टोअरमधून माल बाहेर जायचा आणि मालाचं कार्ड रॅकपाशीच राहायचं. बावीस वर्षं हाताला तेच वळण. राघवनं ग्राहक क्रमांक आठ आकड्यांवरून दहा आकड्यांचा केला होता. उल्हासनं जॉब नेला, पण कुठला रकाना केवढा ही माहिती, जिला ही पोरं मेटाडेटा म्हणतात, ती मागेच ठेवली; मग टेस्टिंगचं मशीन जुन्या मापानं आठच आकडे घेत राहिलं.

शुक्रवारी नोकरी पक्की झाल्याचं पत्र मिळायचं होतं. तोवर गप्प बसला असता तर कुणाला थांगपत्ता लागला नसता. पण राघवचा उतरलेला चेहरा त्याला बघवेना.

तो उठला. "मॅडम, राघव की गलती नहीं है. मेटाडेटा ले जाना मैं भूल गया."

शिवांगी त्याची साहेब, पुण्याची, वयानं त्याच्या मुलीएवढी. तिनं मीटिंग तिथेच संपवली. दुपारी केबिनमध्ये बोलावून तिनं पत्र सहा महिने लांबल्याचं सांगितलं. मग म्हणाली,

"काका, तुम्ही बोलला नसतात ना, तर मी आज त्याला टीममधून काढलं असतं. थँक्यू."

त्याचे असे आभार कुणी मानल्याला कितीतरी वर्षं झाली होती. पत्राचं दुःख झालंच, नाही असं नाही; पण त्याहून जास्त त्याला भरून आलं.

चूक करणाऱ्याचा टेस्टिंगचा पासवर्ड लगेच बंद करायचा, असा ऑफिसचा शिरस्ता होता, आणि ते काम शिवांगीचं. दुसऱ्या दिवशी सकाळी उल्हासनं तो भीतभीतच टाइप केला. मशीन उघडलं. त्यानं चष्मा काढून पुसला, शिवांगीच्या अजून रिकाम्या केबिनकडे बघून हळूच हात जोडले, आणि राघवचा जॉब पुन्हा न्यायला घेतला.