वाळूत कशी चालवायची

साडूने गाडी घेतली ही बातमी मास्तरांना बायकोने सांगितली, आणि तीही नेमकी अशा वेळी की त्यांच्या तोंडात चार टाचण्या होत्या. त्यामुळे पहिल्या क्षणी जे तोंडातून निघालं असतं, ते निघालं नाही. बरंच झालं. मेहुणी तिची सख्खी बहीण होती.

मास्तर गाड्यांची सीटकव्हरं शिवायचे. रस्त्याला लागून दुकान, आत दोन मशिनं, रेक्झिनचे गुंडाळे, फोमचे तुकडे, आणि मशीनच्या बरोबर समोरच्या भिंतीवर एका गाडीचं चित्र. उंच, चौकोनी, पाठीवर जादा चाक बांधलेली, अर्धी चिखलात आणि तरीही वर चढत असलेली.

"कोणती घेतली?" एकेक टाचणी तळहातावर काढत त्यांनी विचारलं.

"ती तुमचीच," बायको म्हणाली. "भिंतीवरची."

आता हे जरा समजून घ्यायला हवं. मास्तरांनी ती गाडी अठरा वर्षं मनात पोसली होती. ती किती खोल पाण्यातून जाते, किती चढ चढते, पोट जमिनीपासून किती वर असतं, सगळं तोंडपाठ. दर नवीन मॉडेलला ते शोरूममध्ये जाऊन चालवून बघायचे. पहिल्यांदा तिथे चहा मिळाला, दुसऱ्यांदा पाणी, आणि गेल्या वेळी तिथला पोरगेलासा सेल्समन "काका, परत?" एवढंच म्हणाला. किंमत ऐकून ते घरी यायचे आणि बायकोला सांगायचे, "त्या पैशात दोन खोल्या येतात. शिवाय खोल्या डिझेल पीत नाहीत." हे ते स्वतःच्या समाधानासाठी म्हणायचे. बायकोने कधी गाडी मागितलीच नव्हती.

आणि घेतली कोणी? साडूने! साडूचं औषधांचं दुकान होतं. चांगलं चालणारं, ते कबूल. पण माणूस कसा? स्कूटरवरून जाताना गतिरोधक दिसला की पाय खाली टेकवणारा. आयुष्यात त्याने केलेलं सगळ्यात मोठं धाडस म्हणजे काउंटर डाव्या बाजूचं उजव्या बाजूला नेलं. अशा माणसाला डोंगर चढणारी गाडी कशाला हवी? मास्तरांच्या पोटात दुखू लागलं. नुसतं म्हणायचं म्हणून नाही, त्या दिवशी ते खरोखरच जेवले नाहीत.

रविवारी गाडी दारात आली. साडू पाठमोरा, शिडीवरून उतरावा तसा, एकेक पाय चाचपत खाली उतरला. मेहुणी पलीकडून उडी मारून उतरली. "भाऊजी, बघा बघा! तुमच्याइतकं कुणाला कळणार आहे?"

मास्तरांनी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या. काहीतरी खोट सापडावी अशी त्यांची मनापासून इच्छा होती. पत्रा ठोठावून पाहिला, दारं उघडझाप केली, वाकून खालचा, चाकांना जोडणारा जाड दांडा पाहिला. खोट नव्हती. चित्रापेक्षाही चांगली होती गाडी. शेवटी सीटवरच्या प्लॅस्टिकवर त्यांचं लक्ष गेलं.

"हे काढणार आहात की त्याच्यावरच बसून म्हातारे होणार?"

"कव्हरं तुम्ही शिवणार ना," साडू हसून म्हणाला. "तोवर राहू दे म्हटलं. आणि खरं सांगू का साडूभाऊ, गाडी तुमच्यामुळेच घेतली. दरवेळी जेवताना तुम्ही सांगायचात, ते ऐकून ऐकून माझ्याही मनात भरली."

म्हणजे अठरा वर्षं आपण वर्णन करत होतो आणि हा घास गिळता गिळता ते चोरत होता! मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. ते "अभिनंदन" म्हणाले, पण असं की बायकोने वळून बघितलं.

बायका आत गेल्यावर साडूने त्यांना गाडीत बसवलं आणि आवाज खाली आणला. "एक विचारायचंय. हा गिअरशेजारचा छोटा दांडा कशाचा? मी आठवडाभर दुसरा हँडब्रेक समजत होतो."

मास्तरांनी डोळे मिटले. देवा, कोणाच्या पदरात काय टाकतोस!

"हिने पुढच्या रविवारी नदीवर जायचं काढलंय," साडू सांगत होता. "सगळे मिळून, वाळूत. तिथे माझी फजिती व्हायला नको. मागे स्कूटर पाडली तेव्हा दोन वर्षं ऐकवत होती. तुम्ही सांगा, मी लिहून घेतो." त्याने खिशातून औषधाच्या खोक्याचा फाडलेला पुठ्ठा काढला. गिऱ्हाइकाला गोळ्या कशा घ्यायच्या ते तो असल्याच पुठ्ठ्यांवर लिहून द्यायचा.

सांगायचं होतं ते सोपं होतं. त्या दांड्याला तीन जागा. टू-एच म्हणजे दोनच चाकांना जोर, साध्या रस्त्यासाठी. फोर-एच म्हणजे चारही चाकांना. आणि फोर-एल म्हणजे चारही चाकांना, सावकाश पण दणदणीत ताकद. वाळूत शिरण्याआधी गाडी थांबवून फोर-एल टाकायचा, टायरांतली थोडी हवा सोडायची आणि अलगद निघायचं. मास्तर हे झोपेतही सांगू शकले असते.

"वाळूत टू-एचलाच ठेवायचं," ते म्हणाले. आपला आवाज इतका सहज कसा निघाला याचं त्यांनाच नवल वाटलं. "टायर कडक हवेत. आणि अडकली तर ॲक्सिलरेटरवर पाय दाबून धरायचा. सोडायचा नाही."

साडूने सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि सवयीप्रमाणे परत वाचून दाखवलं. "टू-एच. टायर कडक. अडकली तर पाय दाबून. बरोबर?"

"बरोबर," मास्तर म्हणाले.

बुधवारी साडूचा फोन आला, कव्हरांना दोरा कोणत्या रंगाचा लावताय म्हणून. तेव्हा सांगता आलं असतं. मास्तरांनी दोऱ्याबद्दल मात्र बराच वेळ सांगितलं. फोन ठेवल्यावर त्यांना रविवार डोळ्यांसमोर दिसायला लागला. गाडी रुतलेली, साडू घामाघूम, आणि आपण म्हणतोय, "सरका बरं जरा." गाडी नाही तर नाही, निदान ती कोणाच्या हाती शोभते हे तरी एकदा सगळ्यांना कळू दे.

रविवारी साडू गाडी चालवत होता, शेजारी मास्तर, मागे दोघी बहिणी. वाळू लागली. साडूने पाठ ताठ केली. पन्नास पावलं गाडी छान गेली, मग मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली. साडूने पाय दाबून धरला. सांगितल्याबरहुकूम, अजिबात सोडला नाही. वाळूचे फवारे उडाले आणि गाडी मागून बसत बसत पार पोटाला टेकली.

आधी दोघी हसल्या. मग मेहुणीचं हसू ओसरलं. "एवढे पैसे ओतले या डब्यात! गोळ्या विकणाऱ्या माणसाने गोळ्या विकाव्यात. नाही ते उद्योग सांगितलेत कुणी? भाऊजींच्या हातात असती ना, तर आत्तापर्यंत पलीकडे पोचलो असतो."

हेच. अगदी हेच वाक्य ऐकायला मास्तर आठवडाभर जिवाचे कान करून बसले होते.

साडूचे कान लाल झाले होते. त्याने काचेवरची उन्हाची झडप खाली केली आणि तिच्यात खोचलेला पुठ्ठा काढला. मास्तरांना शेजारून स्वच्छ दिसला. टू-एच. टायर कडक. पाय दाबून. साडूने तो एकदा वाचला. मग त्या छोट्या दांड्याकडे बघितलं. तिथे तीन जागा होत्या, आणि चाराचा आकडा दोन ठिकाणी कोरलेला होता. माणूस गाडीत कच्चा होता, डोक्याने नव्हता. त्याने पुन्हा पुठ्ठ्याकडे बघितलं. मास्तरांकडे बघितलं नाही.

आता बोलेल. मागे बायको होती. एकदा तिच्यासमोर हा पुठ्ठा वाचला गेला, की संपलं.

साडूने पुठ्ठ्याची घडी घालून खिशात ठेवली. "साडूभाऊंनी सगळं नीट सांगितलं होतं," तो मागे वळून म्हणाला. "मीच घाबरून उलटं केलं. तुम्ही घ्या, साडूभाऊ."

मास्तर उतरले. टायरांतली हवा कमी केली, चाकांपुढची वाळू दोन्ही हातांनी उकरली, आत बसले आणि फोर-एल टाकला. मग पाय असा टेकवला की जणू पायाखाली कुणाचं तान्हं मूल आहे. गाडी एकदा गुरगुरली, हलली आणि बाहेर आली. पुढचा चढही तिने एका दमात घेतला. मागे दोघींनी टाळ्या वाजवल्या. "अहो, तुम्ही तर कमाल केलीत!" बायको म्हणाली. इतक्या वर्षांत ती असं कधी म्हणाली नव्हती.

अठरा वर्षं ज्याची वाट पाहिली, ते हे होतं. स्टिअरिंग हातात, खाली वाळू, मागे टाळ्या. आणि मास्तरांना गाडी कधी एकदा थांबवतो असं झालं होतं. गाडीचा हेवा करता येत होता, त्याची त्यांना सवय होती. पण शेजारी गप्प बसलेल्या त्या माणसाचा हेवा कसा करायचा, तेच कळेना. शोरूममध्ये मिळण्यातली वस्तू नव्हती ती.

घट्ट जमिनीवर आल्यावर दोघी पाण्यात पाय बुडवायला गेल्या. मास्तर चाकापाशी उगाच वाकून राहिले. साडू जवळ आला. त्याने घडी उलगडली, कोरी बाजू वर केली आणि पेन काढलं.

"आता एकदा सांगा," तो म्हणाला. "माझ्याने पुन्हा चूक व्हायला नको."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"आधी गाडी पूर्ण थांबवायची," मास्तर म्हणाले. साडूने लिहिलं. "मग फोर-एल. टायरांतली थोडी हवा सोडायची. पाय अलगद. रुतली असं वाटलं, की लगेच पाय काढायचा."

साडूने सगळं वाचून दाखवलं. "बरोबर?"

मास्तरांनी पुठ्ठा हातात घेतला, स्वतः दोनदा वाचला आणि मान हलवली. साडूने तो परत घ्यायला हात पुढे केला.

"मागची बाजू खोडू का?" त्याने विचारलं.

"तुम्ही नका," मास्तर म्हणाले. "ती माझी आहे. पेन द्या."

आणि गाडीच्या बॉनेटवर पुठ्ठा ठेवून ते खोडायला लागले. एका रेघेने भागलं असतं, पण पुठ्ठा फाटेपर्यंत त्यांचा हात थांबला नाही.