रूपरावांच्या ओसरीतली कुर्सी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. तुमच्या पुस्तकात मी खुर्ची. आमच्या वडनेरात मात्र मला सगळे कुर्सीच म्हणतात, आणि मलाही तेच नाव आपलं वाटतं. आज माझा एक पाय डुगडुगतो, वेताची बैठक फाटली आहे आणि गोठ्यात माझ्या अंगावर सरकीचं पोतं टेकवून ठेवलेलं असतं. त्याची माझी तक्रार नाही. म्हातारपणी लाकडाचं एवढं व्हायचंच. माझं दुखणं वेगळं आहे आणि ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.

माझा जन्म १९७२ सालचा. रूपरावांच्या घरी त्यांच्या मुलाचं, किसनरावांचं लग्न ठरलं होतं. शहराकडचे पाहुणे येणार, त्यांना सतरंजीवर कसं बसवायचं, म्हणून रूपरावांनी जुन्या गोठ्याची सागवानी तुळई उतरवून तानबा सुताराच्या हवाली केली. तानबा रंधा मारता मारता म्हणायचा, “अशी कुर्सी बनवतो का कलेक्टर बसला तरी कुरकुरनार नाई!”

कलेक्टर काही आला नाही. पण सरपंच आले, ग्रामसेवक आले, सोयरेधायरे आले. गल्लीत कुणाकडे मुलगी पाहायचा कार्यक्रम असला की मला डोक्यावर घेऊन जात आणि नवरदेवाच्या बापाला माझ्यावर बसवत. अख्ख्या गल्लीत खुर्ची अशी मी एकटीच. मी फार तोऱ्यात होते, हे कबूल करते.

त्या लग्नातून धुरपता या घरात सून म्हणून आली. रोज सकाळी ती मला ओल्या फडक्यानं पुसायची. दिवाळीला जवसाचं तेल चोळायची, माझ्या पायांमधल्या खाचासुद्धा सोडायची नाही. इतका जीव मला दुसऱ्या कुणी लावला नाही. पण ती माझ्यावर कधी बसली नाही. सासऱ्याच्या घरात सुनेनं उंच बसायचं नाही, हा त्या घरचा एक रिवाज. सासऱ्यानं आणि सुनेनं एकमेकांशी थेट बोलायचं नाही, हा दुसरा.

पुढे शोभा जन्माला आली, बोलू लागली, आणि दोघांची सोय झाली. रूपराव म्हणायचे, “शोभा, मायले म्हन, चहा मांड.” माय हाताच्या अंतरावर उभी असायची. ती शोभालाच उत्तर द्यायची, “आबाजीले सांग, दूध नासलं.” मला तेव्हा याचं हसू यायचं. आता येत नाही.

एका दुपारी नत्थूजी आले. ते रिटायर पटवारी, रूपरावांचे जुने स्नेही. माझ्यावर ऐसपैस बसून त्यांनी माझ्या हातावर थाप मारली.

“रूपराव, हे कुर्सी तुमच्या गोठ्यातली असन, पन हा शब्द लय दुरून आला,” ते म्हणाले. “अरबस्तानातून. तिथं कुर्सी म्हंजे राजाचं सिंहासन. तिथून फारसीत गेला, फारसीतून आपल्याकडं आला, अन् मराठीनं त्याची खुर्ची केली. हिंदीवाले तर घराच्या जोत्यालेही कुर्सी म्हनते. कोनाच्या हाती कारभार आला का त्याले कुर्सी भेटली म्हनते. अन् आमच्या जुन्या दप्तरात कुर्सीनामा राहे. म्हंजे घरान्याची वंशावळ. पनजा, आजा, बाप, लेक. एकेक पिढी म्हंजे एकेक कुर्सी.”

सिंहासन, जोतं, कारभार, पिढी! मी ऐकत राहिले आणि माझी छाती फुगली. एवढं मोठं आपलं घराणं, हे मला ठाऊकच नव्हतं.

धुरपता दाराआड चहा घेऊन उभी होती. ती शोभाच्या कानात काही पुटपुटली. शोभानं ते मोठ्यानं विचारलं, “माय म्हनते, कुर्सीनाम्यात बायकाईचं नाव राह्यते का?”

नत्थूजी हसले. “नाई व बाई. बायकाईचं काऊन लिहिन? लेकी दुसऱ्याच्या घरी जाते, अन् सुना दुसऱ्याच्या घरून येते.”

धुरपता चहा ठेवून आत गेली. रूपरावांच्या कपातला चहा तसाच निवून गेला.

वर्षं गेली. कापूस वेचून, निंदण करून धुरपताचे गुडघे धरले. चुलीपुढून उठताना ती भिंतीचा आधार घ्यायची आणि “माय व” म्हणून कण्हायची. ते ओसरीत ऐकू यायचं. मग रूपराव एक गोष्ट करू लागले. दुपारचं जेवण झालं की ते मला स्वतः उचलून स्वयंपाकघराच्या दाराशी नेऊन ठेवायचे, आणि सुनेला संकोच नको म्हणून बाहेर निंबाखाली जाऊन बसायचे. बोलून दाखवायची त्यांना सवयच नव्हती.

धुरपता मला दाराशी बघायची. “मामाजीनं कुर्सी पुसाले ठेवली वाटते,” असं म्हणून फडकं आणायची, मला स्वच्छ पुसायची, आणि त्याच दुखऱ्या गुडघ्यांनी ओढत पुन्हा ओसरीत नेऊन ठेवायची. रूपराव परत आले की मला पुन्हा ओसरीत बघायचे. एकदा नत्थूजींना म्हणाले, “रोज ठेवतो, पन सूनबाई बसत नाई. रिवाज मोडाची इच्छा नसन तिची.”

रोज हेच. रोज ते ठेवायचे, रोज ती पुसायची. एका दुपारी तिनं माझ्या दोन्ही हातांवर तळवे टेकले आणि ती वाकली. आता बसेल असं वाटलं. तेवढ्यात फाटक वाजलं, आणि तिनं घाईनं पदर सावरून फडकं उचललं. मित्रांनो, दोघांच्या मनातलं एकट्या मला माहीत होतं. तानबानं मला चार पाय दिले, दोन हात दिले, पण तोंड दिलं नाही. त्या दिवसांत मी आतल्या आत फार रडले.

१९८३ च्या श्रावणात धुरपता तापानं आजारी पडली. धाप लागली, पाऊल उचलेना. गल्लीत काळ्या मातीचा एवढा चिखल की बैलगाडी रुतली. तिला डांबरी सडकेपर्यंत, एसटीपर्यंत न्यायचं कसं? कुणीतरी खाट आणली. किसनराव ओरडले, “खाट नोको! मेल्या मानसावानी खाटेवर नाई नेत मी तिले. कुर्सी आना!”

माझ्या हातांना दोन्ही बाजूंनी बांबू बांधले आणि तिला माझ्यावर बसवलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती माझ्यावर बसली. तिचं अंग तव्यासारखं तापलेलं होतं, आणि वजन जवळजवळ नव्हतंच. अंगणात रूपराव उभे होते. त्यांना पाहताच तिनं पदर डोक्यावर ओढला आणि ती उठू लागली.

रूपराव पुढे आले. पहिल्यांदाच ते तिच्याशी थेट बोलले. “बस बाई, उठू नोको. दुपारची कुर्सी मी तुयासाठीच ठेवत होतो.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. “मामाजी,” ती हळूच म्हणाली, “मले वाटे, पुसाले ठेवता.”

माणसांनी बांबू खांद्यावर घेतले आणि आम्ही चिखलातून निघालो. मी माझे सांधे घट्ट धरून ठेवले, एकदाही कुरकुरले नाही. एसटी आली, तिला आत घेतलं, आणि मी सडकेच्या कडेला उभी राहिले.

धुरपता दवाखान्यातून परत आली नाही. मला तानबानं डोक्यावरून घरी आणलं. दिवस कार्याचे गेले, पाहुणे पांगले, आणि एका दुपारी रूपरावांनी मला उचलून नेहमीसारखं स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलं. संध्याकाळ झाली तरी मी तिथेच होते. मला ओसरीत न्यायला कुणी आलं नाही.

रूपराव त्यानंतर माझ्यावर कधी बसले नाहीत. ते गेल्यावर घरात लोखंडी खुर्च्या आल्या आणि मी गोठ्यात आले. नत्थूजींनी सांगितलेले सगळे अर्थ मला अजून पाठ आहेत, पण सिंहासन आणि घराणं यांचं आता काहीच वाटत नाही. थकलेल्या माणसाला टेकायला जागा, एवढाच माझा अर्थ होता, आणि तो त्या घरात एका बाईच्या वाट्याला वेळेवर आला नाही.

मित्रांनो, मला गोठ्यातून बाहेर काढा, असं मी म्हणत नाही. पण तुमच्याही घरात कुणीतरी रोज खाली बसत असेल. तिच्यासमोर नुसती खुर्ची ठेवून निघून जाऊ नका. थोडं थांबा, आणि तिला तोंडानं “बस” म्हणा.